खेळण्यांवरचा समुद्र

९ जानेवारी

आज बैठकीत पुन्हा माझी शोभा झाली.

बंदराच्या तोंडाशी लाटा अडवणारी जी भिंत आहे ती आणखी लांबवायची, हे वरच ठरून गेलंय. आराखडा तयार, चित्रं रंगवून तयार. फक्त आमच्या संस्थेचा 'हरकत नाही' असा शेरा हवा, आणि लाटांचं गणित करणारा माणूस म्हणून तो मी द्यायचा. मी म्हटलं, भिंत लांबली की मोठी लाट तिच्यावर आपटून मागे फिरेल, समोरच्या खडकावरून परतणारी लाट तिला येऊन भिडेल आणि नेमकं बंदराच्या तोंडात पाणी उभं राहील. लहान होड्या तिथे उलटतील. संचालकांनी पेनाचं टोपण लावलं आणि शांतपणे विचारलं, "हे तुम्हाला वाटतं, की तुम्ही मोजलंय?"

मोजलेलं नाही. समुद्राचे मोठाले चौकोन पाडून जे गणित होतं ते झालंय, आणि त्यात पाणी कुठेच उभं राहत नाही. बारीक जाळी घेतली तर दिसेल, पण तेवढं आमच्या संगणकांना झेपत नाही. मोठा संगणक सरकारी संगणक केंद्रात आहे. त्यावर वेळ मागितला की उत्तर येतं, रांग आहे. ती रांग ज्यांना भिंत हवी आहे तेच लावतात.

घरी आल्यावर हिला सांगितलं. ही वह्या तपासत होती. म्हणाली, "मग शेरा देऊ नका. झालं." शाळेत शिकवणाऱ्या माणसाला सगळं सोपं वाटतं.

१८ जानेवारी

टिल्लूकडे गेलो होतो. माझा धाकटा भाऊ. आता चाळिशीला आला, माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, तरी घरात टिल्लूच. शाळेमागच्या गल्लीत त्याचं गेम खेळायचं दुकान आहे. एक लांबट खोली, भिंतीला ओळीने पडदे, त्यांच्यासमोर फाटक्या गाद्यांच्या खुर्च्या, आणि कान किटवणारा गोंगाट. पोरं खुर्चीच्या पाठीवर बसून आपला नंबर कधी येतो ते बघत असतात. टिल्लू मध्ये उभा राहून भांडणं सोडवतो आणि सगळ्यांना नावानिशी ओळखतो. या माणसाला एवढंच जमलं, असं मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

मी आलो की तो हातातलं सगळं टाकून येतो. आज एक बिघडलेलं यंत्र त्याने उघडून ठेवलं होतं. म्हणाला, "दादा, बघ तरी. एवढ्याशा डब्यात केवढी ताकद भरलीय." मी उगाच वाकून बघितलं आणि मग वाकलेलाच राहिलो. मुख्य गणकाच्या भोवती छोट्या गणकांची रांग, आणि ते सगळे एकाच वेळी एकाच प्रकारचा हिशेब करणारे. पडद्यावर त्या वेळी मोटार पाण्यातून जात होती आणि पाण्याचा प्रत्येक थेंब वेगळा उडत होता. तो थेंब कोणी चितारून ठेवलेला नव्हता. हा डबा तो जागच्या जागी मोजत होता.

परदेशात काही जणांनी असली यंत्रं एकमेकांना जोडून मोठी गणितं केल्याचं वाचलं होतं. तेव्हा हसलो होतो.

६ फेब्रुवारी

टिल्लूने दिलेल्या दोन डब्यांवर माझं गणित चाललं!

हे डबे बनवणाऱ्या कंपनीने यात एक सोय ठेवली आहे. मेनूत एक ओळ असते, तिथून हवी ती दुसरी प्रणाली आत घालता येते. मग डबा खेळ विसरतो आणि साधा संगणक होतो. साधा कसला, राक्षस. स्मरणशक्ती मात्र अगदीच थोडी, म्हणून समुद्राच्या पट्ट्या कापायच्या, एकेका डब्याला एकेक पट्टी द्यायची, आणि प्रत्येकाने आपल्या काठावरचं पाणी शेजाऱ्याला सांगत राहायचं. दोन डब्यांनी आज एक लहानसं तळं हलवलं. उत्तर कागदावरच्या उत्तराशी तंतोतंत जुळलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाच्या दारात हात न पसरता काही झालं.

२३ फेब्रुवारी

सगळे डबे लागणार. दोन-चारांनी बंदर मावत नाही.

आज टिल्लूच्या घरी जाऊन बोललो. दुकान तसंही फार दिवस चालणारं नाही, पोरं आता फोनवर खेळतात, हे त्याला समजावून सांगितलं. संस्थेत यंत्रचालक म्हणून त्याला घेतील. कंत्राटी का होईना, पण ओळखपत्र मिळेल, सरकारी आवारात बसता येईल. संचालकांशी मी आधीच बोलून ठेवलं होतं. त्यांना हसू आवरत नव्हतं, पण जुनी शेड आणि एक कंत्राटी जागा द्यायला तयार झाले.

टिल्लू म्हणाला, "दादा, याने होड्या वाचतील?"

मी म्हटलं, वाचतील.

"मग घेऊन जा."

त्याची बायको चहाचे कप उचलत होती. तिने मला विचारलं, "भाऊजी, दुकान चालत नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, दिसतंच ना. ती कप घेऊन आत गेली. तिला पहिल्यापासून माझ्याविषयी अढी आहे.

५ मार्च

डबे हलवले. टेम्पोत चढवताना गल्लीतली पोरं दोन्ही बाजूंना उभी होती, जणू काही घरातून कोणाला नेताहेत. एका मुलीने टिल्लूला विचारलं, आता आम्ही कुठे जायचं. टिल्लूने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि टेम्पोच्या मागे जाऊन दोरी आवळत बसला. दोरी आवळलेलीच होती. उशीर होत होता, म्हणून मी हाक मारली.

आमची शेड म्हणजे पूर्वी जिथे बंदरांचे सिमेंटचे नमुने करून त्यात पाणी सोडत असू ती जागा. मी नोकरीला लागलो तेव्हा गुडघाभर पाण्यात उभा राहून पट्टीने लाटा मोजल्या आहेत इथे. आता हौद कोरडा पडलाय. त्याच्या तळाशी आम्ही लोखंडी मांडण्या उभ्या केल्या. गारवा आहे, एवढंच.

२१ मार्च

उष्णता. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही. सगळे डबे एकत्र चालले की तासाभरात एकामागून एक माना टाकतात. पंख्यांचा आवाज असा की शेजारच्या माणसाला ओरडून सांगावं लागतं. एक डबा कायमचा गेला.

संस्थेतले लोक येता-जाता डोकावतात. 'आज कितवी लेव्हल?' हा विनोद प्रत्येकाला आपणच पहिल्यांदा केला असं वाटतं.

१० एप्रिल

उष्णता आटोक्यात आली. मी मांडण्यांची रचना बदलली. म्हणजे डबे आडवे न ठेवता उभे करून बघू, असं टिल्लू म्हणाला होता, आणि दोघांनी मिळून प्रत्येक डब्यामागे पत्र्याचं नळकांडं बसवून गरम हवा बाहेर काढली. पत्रा कापताना त्याचा तळहात चिरला. पट्टी बांधून पुन्हा कामाला लागला. माझ्या आधी येतो, माझ्यानंतर जातो. ओळखपत्र गळ्यातून काढत नाही. ही म्हणते, परवा तो बाजारात भेटला तेव्हाही गळ्यात होतं, आणि भाजीवाल्याला सांगत होता की आम्ही समुद्राचं काम करतो.

'आम्ही' हा शब्द ऐकून मला जरा गंमत वाटली. वाटू दे त्याला.

२९ एप्रिल

कंपनीने घोषणा केली. सुरक्षेच्या कारणास्तव मेनूतली ती ओळ काढून टाकणार. जो आपलं यंत्र इंटरनेटला जोडून नवी आवृत्ती घेईल त्याची सोय गेली, आणि एकदा घेतली की मागे फिरता येत नाही. जो जोडणार नाही त्याचं जुनं यंत्र आहे तसं चालू राहील. म्हणजे विकताना म्हणायचं, घ्या, यात हेही आहे. आणि घेतल्यावर म्हणायचं, ते आम्ही परत नेतोय, पण दार तुम्हीच उघडा.

मी लगेच मोठ्या अक्षरात कागद लिहून शेडच्या दाराला लावला. 'बाहेरची वायर जोडू नये.' खाली सही केली. टिल्लूने तर भिंतीतल्या नेटच्या खाचेवर चिकटपट्टीच मारून टाकली.

१७ मे

पहिल्या मोठ्या चाचणीत पाणी उभं राहिलं.

अजून पूर्ण बंदर नाही, फक्त तोंडाचा भाग, आणि तोही मध्यम लाटेचा. पण भिंतीचं नवं टोक आणि खडक यांच्यामध्ये एक कंगोरा उठतो, खाली बसतो, पुन्हा उठतो, जागचा हलत नाही. टिल्लू पडद्यापुढे बसून होता. म्हणाला, "हे पोटावर घेतलं तर होडी सरळ उताणी."

संचालकांना बोलावून दाखवलं. त्यांनी दोनदा बघितलं. हसले नाहीत. म्हणाले, पूर्ण बंदर, मोठी लाट, अखेरपर्यंत चालवा, मग बोलू. खेळण्यांवरचा समुद्र म्हणून समितीने कचऱ्यात टाकू नये एवढं भक्कम करा.

आजपासून पूर्ण गणित लावलंय. काही आठवडे चालेल. प्रत्येक डबा आपलं अर्धवट उत्तर आपल्याच पोटात साठवत जातो. मध्ये थांबवलं तरी तिथून पुढे चालू करता येतं.

८ जून

संचालकांनी आज स्वतःहून चहाला बोलावलं. वरून काही बडी माणसं येणार आहेत, संस्थेला स्वतःचा मोठा संगणक द्यायचा की नाही ते ठरवायला. त्यांना माझं काम दाखवायचंय. "तुम्ही नसतात तर यांना बोलावण्याचं धाडस मी केलं नसतं," असं म्हणाले. मला खोटं बोलता येत नाही. बरं वाटलं. इतकी वर्षं या इमारतीत माझ्या पाठीवरून कोणी हात फिरवला नव्हता.

त्यांची कल्पना अशी: पाहुणे आत येतात तेव्हा सगळ्या पडद्यांवर मोटारींची शर्यत चालू. सगळे डबे एकाच शर्यतीत. मग मी हात वर करायचा, आणि सगळीकडे समुद्र. नाटकी आहे. पण माणसांना असंच समजतं.

१६ जून

टिल्लूशी वाजलं. एकच शर्यत सगळ्या डब्यांवर आणायची तर बाहेरची वायर जोडावी लागेल, म्हणून तो हटून बसला. वेगवेगळे खेळ लावू, वायर नको, म्हणत होता. मी म्हटलं, संचालकांना एकच शर्यत हवी आहे. त्याने दाराकडे बोट दाखवलं. "तो कागद तूच लावलायस ना?"

मी कागद काढून खिशात ठेवला. एक सकाळ वायर जोडल्याने आभाळ कोसळत नाही. नवी आवृत्ती कोणी आपणहून घेतल्याशिवाय येत नाही, हे मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे. चालू गणित उद्या थांबवून ठेवायचं.

१९ जून

कार्यक्रम झाला. लिहवत नाही.

२३ जून

लिहून टाकतो, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

पाहुणे शेडच्या दाराशी आले होते. संचालक बाहेर त्यांना जुन्या हौदाविषयी सांगत रेंगाळवत होते. आत सगळ्या पडद्यांवर एकच पाटी आली होती: शर्यतीत सामील होण्यासाठी नवी आवृत्ती घ्या. खाली हो आणि नाही. टिल्लू पलीकडच्या टोकाला कंट्रोलर हातात घेऊन उभा होता, माझ्याकडे बघत. पाहुण्यांच्या बुटांचे आवाज पायऱ्यांवर ऐकू येऊ लागले.

मी म्हटलं, "हो म्हण."

"दादा, वाचलंस का तू?"

"हो म्हण, टिल्लू."

तो एकेका डब्यापाशी गेला आणि हो म्हणत गेला. मला वाटलं होतं ही आधीची कुठली तरी आवृत्ती असेल, ती ओळ काढणारी नसेल. असं वाटायला जागा होती. वाचायला वेळ नव्हता.

शर्यत झकास झाली. एका पाहुण्याने स्वतः कंट्रोलर घेतला आणि दुसऱ्याला हरवलं. टाळ्या पडल्या. मग मी हात वर केला. टिल्लूने मेनू उघडला. ती ओळ तिथे नव्हती. दुसऱ्या डब्यावर नव्हती. कुठेच नव्हती. संचालकांनी प्रसंग सावरला, आधीच्या चाचणीची चित्रफीत माझ्या संगणकावर होती ती लावली, आणि पाहुणे खूश होऊन जेवायला गेले.

पूर्ण बंदराचं गणित त्या डब्यांच्या पोटात आहे. पोट उघडत नाही. कंपनीला लिहिलं. त्यांनी नवी आवृत्ती घेतल्याबद्दल माझं अभिनंदन केलं.

हिला सगळं सांगितलं. ही एवढंच म्हणाली, "टिल्लू जेवला का त्या दिवशी?" मला काय माहीत.

४ जुलै

विरोधाभास बघा. पाहुण्यांनी मोठ्या संगणकाला मंजुरी दिली. टिपणात लिहिलंय, खेळण्यांवर हे लोक एवढं करतात, तर खऱ्या यंत्रावर काय करतील.

पण डबे संस्थेच्या नोंदीत चढवलेले होते, म्हणून चौकशी आली. संचालकांनी मला आत बोलावून दार लावून घेतलं. अगदी मायेने बोलले. नव्या यंत्राला विभाग लागेल, विभागाला प्रमुख लागेल. "बटण कोणी दाबलं एवढंच लिहा. बाकीच्या खोलात कशाला जायचं?"

१२ जुलै

लिहून दिलं. 'सर्व यंत्रांवर संमतीचं बटण यंत्रचालकाने दाबलं.' यात एक अक्षर खोटं नाही. कंत्राटी माणसाचं कंत्राट तसंही वर्षभराचंच असतं. टिल्लूला मी नंतर दुसरीकडे लावून देईन. त्याला समजेल. तो कधी माझ्या शब्दाबाहेर गेलेला नाही.

हिने मसुदा वाचला. चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "आणि हो म्हण कोण म्हणालं?"

मी म्हटलं, चौकशीत ते विचारलेलं नाही.

त्यानंतर ही या विषयावर बोललेली नाही. इतरही फारसं बोलत नाही. शाळेत परीक्षा असतील.

२ ऑगस्ट

टिल्लू डबे न्यायला आला. संस्थेने ते मोडीत काढले. खेळण्यासाठी मात्र उत्तम चालतात, उलट पूर्वीपेक्षा चांगले.

मला वाटलं होतं चिडेल, भांडेल. मी तयारीत होतो. तो शांतपणे वायरी गुंडाळत राहिला. चहा घेतोस का विचारलं तर म्हणाला, "नको, तुम्ही घ्या."

तुम्ही. जन्मात पहिल्यांदा. संस्थेत चार-पाच महिने राहून थोडं वळण लागलं म्हणायचं. सगळ्यांसमोर मोठ्या भावाला तू म्हणणं मला पूर्वीही खटकायचं.

ओळखपत्र टेबलावर ठेवून गेला.

१९ ऑगस्ट

भिंतीची फाइल परत आली. संचालक म्हणाले, तुमच्याकडे पूर्ण गणित आहे का? नाही. अर्धवट चाचणी आहे, तीही मध्यम लाटेची, तीही खेळण्यांवरची. जाड जाळीचं गणित मात्र पूर्ण आहे आणि त्यात धोका दिसत नाही. हातात जे आहे त्यावरच शास्त्रज्ञ बोलतो. वाटण्यावर बोलत नाही. हे मला जानेवारीत त्यांनीच शिकवलं.

शेरा दिला. 'उपलब्ध गणितानुसार हरकत नाही.' 'उपलब्ध' हा शब्द मी मुद्दाम घातलाय. ज्याला कळायचं त्याला कळेल.

त्याच दुपारी विभागप्रमुख म्हणून माझ्या नेमणुकीचं पत्र आलं. या दोन गोष्टींचा संबंध जोडणारे लोक संस्थेत आहेत. त्यांना मी भीक घालत नाही.

११ ऑक्टोबर

टिल्लूच्या दुकानाच्या जागी आता औषधांचं दुकान आहे. काचेचं दार, आत गार. सहज चौकशी केली तर औषधवाला म्हणाला, अजून पोरं येऊन विचारतात, ते काका कुठे गेले.

ही परस्पर टिल्लूकडे जाऊन आली, मला न सांगता. डबे त्याने वाटून टाकले म्हणे. जे पोर विचारत आलं त्याला एक. विकले असते तर चार महिने निघाले असते. व्यवहार त्याला कधी कळलाच नाही.

मी माझ्या ओळखीने एका गोदामात त्याच्यासाठी शब्द टाकला होता. त्याने नम्रपणे नाही कळवलं. बायकोकडून.

२७ नोव्हेंबर

भिंतीचं काम जोरात आहे. दगडांच्या राशी टाकताहेत. आमच्या गच्चीवरून धूळ दिसते.

टिल्लूला काम लागलं. बंदरातल्या लाँचवर. बाहेर नांगरलेल्या मोठ्या जहाजांपर्यंत माणसं न्यायची आणि आणायची. ही म्हणाली, "त्याला आवडतंय. म्हणतो, समुद्राचंच काम आहे."

बरं झालं. माझ्या जिवावरचं ओझं उतरलं.

१४ फेब्रुवारी

भिंत पूर्ण झाली. समारंभ झाला. मला पुढच्या ओळीत खुर्ची होती. हवा शांत होती आणि पाणी तेलासारखं. भिंतीच्या टोकापर्यंत सगळ्यांना चालवत नेलं. आराखडेवाला माझ्या कानाशी लागून म्हणाला, बघा, कुठे उभं राहिलंय तुमचं पाणी? सगळे हसले. मीही हसलो.

परतताना एक लाँच आमच्या समोरून बाहेर गेली. सुकाणूवर कोण होतं ते एवढ्या लांबून दिसलं नाही. माणूस उंच होता.

२० मार्च

नवं यंत्र आलं. माझ्या विभागाची खोली, खोट्या जमिनीखाली वायरी, दारावर माझ्या नावाची पाटी. कोणी डोकावून विनोद करत नाही. एवढी शांतता की स्वतःचा श्वास ऐकू येतो. माझ्या हाताखाली तिघं हुशार माणसं आहेत. ती मला सर म्हणतात आणि साडेपाचला घरी जातात.

ही महिनाभर बहिणीकडे राहायला गेलीय. तिला बदल हवा होता.

२ एप्रिल

परवा उद्घाटन. त्याआधी यंत्राची परीक्षा म्हणून एखादं मोठं गणित चालवून बघायचं होतं. दुसरं काही तयार नव्हतं, म्हणून बंदरच लावलं. पूर्ण बंदर, बारीक जाळी, मोठी लाट, नवी भिंत. तिघांना काही सांगितलं नाही. त्या डब्यांना ज्याला काही आठवडे लागणार होते ते सकाळी लावलं आणि जेवून आलो तर झालेलं होतं.

पाणी उभं राहतं.

मी म्हटलं होतं त्याच जागी, भिंतीचं टोक आणि खडक यांच्या मधोमध. मध्यम लाटेत जो कंगोरा दिसला होता त्याच्या दुप्पट उंच. मी पुन्हा चालवलं, आकडे किंचित बदलून. पुन्हा तेच. मी बरोबर होतो. सुरुवातीपासून बरोबर होतो, आणि खोलीत ते सांगायला कोणी नव्हतं.

आता कोणाला सांगायचं म्हटलं तर पहिला प्रश्न येईल, मग सही का केलीत. भिंत काही काढून टाकणार नाहीत. शिवाय मोठ्या लाटांचा काळ अजून दोन महिने लांब आहे. आत्ता घाई करून गोंधळ उडवण्यात अर्थ नाही. उद्घाटन होऊन जाऊ दे, विभाग स्थिरस्थावर होऊ दे, मग योग्य ठिकाणी, योग्य शब्दांत मांडता येईल. निष्कर्ष माझ्या खात्यात जपून ठेवलेत.

तरी टिल्लूला निदान तोंडी सांगावं असं वाटलं. फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला.

म्हणाली, ते लाँचवर गेलेत. आता सकाळ-संध्याकाळ दोन्ही पाळ्या करतात. "काही निरोप होता का, भाऊजी?"

मी म्हटलं, नाही, सहजच.

"तुम्ही सहज फोन करत नाही."

मी म्हटलं, करतो गं कधीकधी. लाँच कशी आहे, जुनी की नवी, असं काहीतरी विचारलं. जुनी आहे, पण ते नीट सांभाळतात, म्हणाली. मग मी फोन ठेवला.

भाषण लिहायला बसलोय. 'सुरक्षित बंदर' हे शब्द कुठेतरी यावेत, असं संचालकांनी सुचवलं होतं. पहिल्याच वाक्यात घातले.